वाजलं, म्हणजे तोच!

टीव्हीवरच्या गुन्हेशोधक मालिकेत खुनी कोण, हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं? पोलिसांना नाही, फॉरेन्सिक लॅबला नाही, कधीकधी तर लेखकालाही नाही. ते कळतं सिंथेसायझर वाजवणाऱ्याला. तो बसल्या जागी एक पट्टी दाबतो, ‘ढॅण!’ असा आवाज होतो आणि मुंबईच्या बंगल्यात झालेला खून आमच्या मोताळ्याच्या ओट्यावर उघडकीला येतो. त्यानंतर पाऊण तास ‘सीआयडी’चे एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत हिंडतात, तो निव्वळ सरकारी सोपस्कार.

‘सीआयडी’ ही मालिका जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत अखंड चालली. भाग झाले १५४७. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, कारण या देशात गुन्हे संपले तरी दारं तोडायची शिल्लक राहतात. इन्स्पेक्टर दयानं किती दारं तोडली याची चर्चा लोक आवडीनं करतात. डॉक्टर साळुंखे प्रेताकडे नुसतं बघून काय काय सांगतात याचं कौतुक होतं. पण या सगळ्यांच्या आधी जो पोचतो, कधी चुकत नाही, पगारवाढ मागत नाही आणि ज्याचं श्रेय पाटीवर बारीक अक्षरात पळत जातं, त्या पार्श्वसंगीताला खात्यानं अजून साधं प्रशस्तिपत्रकही दिलेलं नाही.

या संगीताची स्वतःची बाराखडी आहे आणि ती आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. खाली कुठंतरी ‘घुंऽऽ’ असा लांबट सूर घुमायला लागला की कुणीतरी जिना चढणार. जिना चढणाऱ्याच्या हातात टॉर्च असली तर तो पोलीस. टॉर्च नसली तर तो थोड्या वेळात प्रेत. ‘टिक टिक टिक’ असा ताल सुरू झाला की लॅबमध्ये काचेच्या नळीत निळं पाणी ओतलं जाणार. नाकातून गायल्यासारखी ‘टुंई’ आली की इन्स्पेक्टर फ्रेडरिक्सनं काहीतरी वेंधळेपणा केला. आणि नुसतंच शांत झालं, पंख्याची घरघरसुद्धा थांबली, तर हातातला चहाचा कप खाली ठेवावा. आता कपाट उघडणार आणि आतून देह कोसळणार. ‘ढॅण’ची मात्र खास पदवी आहे. एक ढॅण म्हणजे नवी माहिती. तीन ढॅण, तेही तीन वेगवेगळ्या चेहऱ्यांवर, म्हणजे माहिती एकच पण ती तिघांना वेगवेगळी कळली. आणि ज्याच्या चेहऱ्यावरून कॅमेरा निघाला तरी सूर निघत नाही, तो गुन्हेगार.

आमच्या आजीला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टीव्हीचा पडदा तिला नुसता उजेड म्हणून दिसायचा. हिंदीही बेताचंच, मलकापूरच्या स्टेशनवर गाडीची चौकशी करण्यापुरतं. ती टीव्हीकडे पाठ करून, भिंतीला टेकून, मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसायची. पडद्यावर एखाद्या शेठजींच्या बंगल्यात पार्टी चाललेली असायची. भागीदार, पुतण्या, सेक्रेटरी, दुसरी बायको असे सगळे रीतसर संशयित ओळीनं उभे. साहेब प्रत्येकाला दरडावत असायचे. तेवढ्यात एक नोकर चहाचा ट्रे घेऊन यायचा. त्याला एक वाक्यही नसायचं. आजी वात वळता वळता म्हणायची,

“यानंच मारलं.”

“आजी, कोणी? थो तं चहावाला पोट्टा हाय.”

“हाव ना. थोच.”

“तुले काय दिसलं?”

“दिसाले कायले पाह्यजे? थो आला तं वाजलं ना!” मग हातातली वात तळव्यावर ओढून सरळ करत ती खऱ्या मुद्द्यावर यायची. “एवढा मोठा साहेब हाय, त्याले आयकू येत नाही काय बाप्पा?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चित्रपटशास्त्राच्या पुस्तकांत ते आहे. कथेतल्या पात्रांना ऐकू येणारा आवाज वेगळा आणि फक्त प्रेक्षकांना ऐकू येणारा वेगळा, असं ती पुस्तकं सांगतात. म्हणजे फोनची घंटा साहेबांना ऐकू येते, ढॅण येत नाही. ही सोय कुणी केली देव जाणे, पण मोठी धोरणी आहे. ढॅण साहेबांनाही ऐकू आली असती तर मालिका पहिल्या जाहिरातीच्या आत संपली असती आणि उरलेल्या वेळात सगळ्यांना दया-अभिजीतबरोबर पत्ते खेळत बसावं लागलं असतं.

ढॅणमध्ये असतं तरी काय, हे आम्हांला समजावून दिलं भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांनी. एका शनिवारी मारुतीच्या देवळात भजन संपलं, प्रसाद वाटून झाला आणि कुणीतरी विषय काढला. काकांनी पेटीचा भाता पुन्हा सोडला. म्हणाले, “पाह्य, आता खून करतो.” त्यांनी षड्ज आणि तीव्र मध्यम अशा दोन पट्ट्या एकदम दाबल्या आणि तशाच दाबून धरल्या. देवळात बसलेल्या माणसांनी खरोखर मागं वळून दाराकडे पाहिलं. काकांनी मग षड्ज सोडला, निषाद-रिषभ-गंधार असे सूर घेत त्याच तीव्र मध्यमावर आले, आणि यमन सुरू झाला. “हा पाह्य, तोच सूर. आता देवापाशी बसला.” युरोपातल्या जुन्या संगीतकारांनी या दोन सुरांच्या जोडीला चक्क सैतानाचं नाव दिलं होतं. आपल्याकडे त्याच तीव्र मध्यमावर पोरं गाण्याचा पहिला राग शिकतात. सूर बिचारा निरपराध आहे. त्याला कुणाबरोबर उभं केलं जातं यावर त्याची अब्रू ठरते. पोलीस ठाण्यातही बऱ्याच अंशी असंच असतं, असं काका म्हणाले आणि पेटी बंद केली.

बाकीचं काम शरीर करतं. अचानक मोठा आवाज झाला की खांदे वर जातात, डोळे मिटतात, काळीज धडधडतं. यात बुद्धीचा काही संबंध नाही. म्हणून संगीतकार आधी आवाज उतरवत नेतो, आपल्याला टीव्हीकडे सरकायला लावतो आणि कान पुरेसा जवळ आला की त्यात ढॅण घालतो. ही ढॅण बसते ती बहुतेकदा दोन दृश्यांच्या सांध्यावर. सीआयडीचे निर्माते बी. पी. सिंग यांनी २००४ मध्ये एक १११ मिनिटांचा भाग एकाही कटाशिवाय, एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केला. त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. कॅमेरामनची पाठ किती दुखली असेल यावर लोकांनी हळहळ व्यक्त केली. मला काळजी वाटली ती ढॅणची. एकशे अकरा मिनिटं एकही सांधा नाही, म्हणजे तिनं बसायचं कुठं?

हेच बी. पी. सिंग आणि एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम आपल्याला आधी भेटले होते ते मराठीत. मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायची, मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर बेतलेली. रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ होती. पण आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही राजूर घाटाच्या खाली. त्या काळी घाटाखाली दूरदर्शनचं चित्र येणं हा स्वतंत्र तपासाचा विषय होता. एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा, दुसरा अंगणात उभा राहून ओरडायचा, तिसरा टीव्हीसमोरून “आलं, आलं… गेलं” असा अहवाल द्यायचा. इन्स्पेक्टरनं कुणाच्या हातात बेड्या घातल्या ते मुंग्यांच्या वारुळात हरवून जायचं. पण आवाज मात्र यायचा. आम्ही कित्येक खुनांचा तपास निव्वळ कानानं लावला आहे. चित्र स्वच्छ दिसणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांचा कान म्हणूनच आमच्याइतका तयार नाही.

१९९३ साली बासू चटर्जींचे ‘ब्योमकेश बक्षी’ आले, रजित कपूर धोतर नेसून. त्याचं संगीत आनंद शंकर यांचं. ते उदय शंकरांचे चिरंजीव आणि पंडित रविशंकरांचे पुतणे, त्यामुळे मालिकेतले गुन्हेसुद्धा घरंदाज वाटायचे. तिथं ढॅण नव्हती. सतार हळूच काहीतरी विचारायची आणि उत्तराची वाट बघायची. आमच्या गल्लीत ती मालिका फारशी चालली नाही. “वाजत तं हाय, पण कोणाचं नाव घेऊन नाही रायलं,” अशी तक्रार होती.

त्याहून मागं गेलं तर बाबूराव अर्नाळकर. हजारावर रहस्यकथा लिहिल्या या माणसानं, आणि एकीलाही पार्श्वसंगीत नाही. त्यांचा नायक झुंजार अंधाऱ्या जिन्यावर पाऊल ठेवायचा तेव्हा वाचनालयातल्या खोलीत फक्त ग्रंथपालांचं घोरणं असायचं. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्याही नायकांचं तेच. संगीत वाचणाऱ्यानं आपलं आपण आणायचं. आमच्या मामांचा त्यावर स्वतःचा उपाय होता. ते पुस्तक मोठ्यानं वाचायचे आणि रहस्याच्या जागी अडकित्त्यानं सुपारी फोडायचे. ‘दरवाजा उघडला, आणि…’ खाट्! पोरं किंचाळायची. सुपारी संपली की प्रकरण उद्यावर.

आता ही सुपारी कारखान्यात फुटते. सिनेमाचं पार्श्वसंगीत करायचं तर संगीतकाराला तयार चित्रं दाखवतात, कुठं सुरू करायचं नि कुठं थांबवायचं ते सेकंदांच्या हिशेबानं ठरतं, आणि मग त्या मापाचं संगीत शिवलं जातं. रोजच्या मालिकेला एवढी उसंत कुठली! आज चित्रित झालेलं उद्या-परवा दाखवायचं असतं. तिथं तयार तुकड्यांची पेढी असते. संकलकाच्या संगणकात फोल्डरं ठेवलेली: दुःखाचं वेगळं, विनोदाचं वेगळं, धक्क्याचं वेगळं. तो हात घालतो, मापाचा तुकडा काढतो, लावतो. रेडिमेड कापडाच्या दुकानासारखं आहे हे. बाही थोडी लांब झाली तर दुमडून घ्यायची.

यातूनच एक मोठी सामाजिक क्रांती झाली, तिची नोंद कुणी घेतलेली नाही. गुन्ह्याच्या फोल्डरमधले तुकडे हळूहळू घरगुती मालिकांत शिरले. पूर्वी खून झाला की जे वाजायचं ते आता वहिनींच्या डब्यात साखर संपली की वाजतं. सासूबाई स्वयंपाकघरात येतात, खाली ‘घुंऽऽ’ सुरू होतं. आमटीची चव घेतात. शांतता. मीठ जास्त! ढॅण सासूबाईंवर, ढॅण सुनेवर, ढॅण दारात उभ्या असलेल्या नणंदेवर, आणि शेवटची ढॅण आमटीवर. आमच्या घरी एकदा आवाज ऐकून मी बाहेरून धावत आलो. विचारलं, “कोण गेलं?” बायको म्हणाली, “अहो, कुणी नाही. तिनं हिरवी साडी नेसायची होती, ती निळी नेसली.”

परदेशातही हाच धंदा आहे, फक्त कोट-टाय घालून. हिचकॉकनं १९६० साली ‘सायको’ केला, त्यात न्हाणीघरातला तो प्रसिद्ध खून आहे. हिचकॉकचं म्हणणं होतं, इथं संगीत नको, नुसता पाण्याचा आवाज पुरे. संगीतकार बर्नार्ड हरमननं ऐकलं नाही. त्यानं सगळ्या चित्रपटाला फक्त तंतुवाद्यं वापरली होती; त्यातल्या व्हायोलिनना त्यानं किंचाळायला लावलं आणि दिग्दर्शकाला ऐकवलं. हिचकॉकनं आपला हुकूम मागं घेतला. आज त्या दृश्यातल्या सुरीपेक्षा व्हायोलिनच जास्त लोकांच्या अंगात घुसून बसली आहे.

अमेरिकेत ‘ड्रॅगनेट’ नावाची पोलीस मालिका होती, आधी रेडिओवर आणि १९५१ पासून टीव्हीवर. तिच्या सुरुवातीला चारच सूर वाजायचे, ते इतके गाजले की पोलीस आले हे सांगायला लोक तोंडानं तेवढं म्हणू लागले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की हे सूर मिक्लॉश रोझा या संगीतकारानं १९४६ च्या ‘द किलर्स’ या चित्रपटात आधीच वापरले आहेत. प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली आणि त्या धुनीचं श्रेय दोन्ही संगीतकारांत वाटून द्यावं लागलं. चोर पकडणाऱ्या मालिकेच्या धुनीवरच चोरीचा आळ! याला आमच्याकडे जमादाराच्या घरी घरफोडी म्हणतात.

पण सगळ्यांवर कडी केली इंग्लंडमध्ये बॅरिंग्टन फेलॉंग या ऑस्ट्रेलियन संगीतकारानं. ‘इन्स्पेक्टर मोर्स’ ही मालिका तिकडे १९८७ ते २००० या काळात गाजली. नायकाचं नाव मोर्स, म्हणून या गृहस्थानं तारेच्या कडकट्ट भाषेतच, म्हणजे मोर्स कोडमध्येच, ते नाव शीर्षकसंगीतात गुंफलं. तेवढ्यावर थांबला नाही. काही भागांत त्यानं खुन्याचं नाव त्याच भाषेत संगीतात लपवलं, आणि काही भागांत लोकांना चकवायला मुद्दाम भलत्याचंच. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्या खात्यातून निवृत्त झालेली, उभं आयुष्य कडकट्ट ऐकण्यात घालवलेली माणसं गावोगाव रिकामी बसलेली होती. त्यांना ती मालिका दाखवली असती तर विलायतेतले अर्धे खून पेन्शनरांच्या कट्ट्यावर सुटले असते.

शेरलॉक होम्सनं या बाबतीत कुणावर भरवसाच ठेवला नाही. तो स्वतः व्हायोलिन वाजवायचा. स्वतःचं पार्श्वसंगीत स्वतः करणारा तो एकमेव गुप्तहेर. सत्यजित राय त्याच पठडीतले: गुप्तहेर फेलूदाच्या कथा त्यांनी लिहिल्या, १९७४ मध्ये ‘सोनार केल्ला’ दिग्दर्शित केला आणि संगीतही स्वतःच दिलं. खुनी कोण हे बाहेरच्या माणसाला सांगावंच लागलं नाही.

संगीत आवरतं घेऊन रहस्य रंगवण्याचं धाडसही आपल्याकडे झालं आहे. बी. आर. चोप्रांचा १९६० चा ‘कानून’ आणि यश चोप्रांचा १९६९ चा ‘इत्तेफाक’, दोन्हींत एकही गाणं नाही. तरी पार्श्वसंगीत होतं. दोन्हींचं सलील चौधरींनी केलं. खरी कमाल १९३७ ची. प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये व्ही. शांतारामांनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. घड्याळाचे ठोके, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरची वर्दळ यांवरच चित्रपट उभा केला. आता असा चित्रपट लागला तर आमच्याकडे कुणीतरी उठून टीव्हीच्या डोक्यावर दोन चापट्या मारील आणि रिमोटचे सेल चावून बघील.

संगीत काढून घेतलं तर काय उरतं, हे बघायला फार कष्ट लागत नाहीत. रिमोटवरचं एक बटण पुरतं. आवाज बंद करून सीआयडी पाहा. पाच-सहा माणसं इस्त्रीचे शर्ट घालून कुणाच्या तरी दिवाणखान्यात शिरतात, एकेकाशी हातवारे करत बोलतात, सगळे गंभीर. लग्नाची बोलणी फिसकटली असावीत असं वाटतं. मधूनच त्यांतला उंच गडी उठून दार तोडतो, तेव्हा हुंड्याचा आकडा कळला असावा. खुनी, मयताचा भाऊ आणि साहेब यांच्यात काडीचा फरक दिसत नाही.

आणि उलट, संगीत भलतीकडे लागलं तर? आमच्या आणि शेजारच्या घरात एकच भिंत आहे, तीही नावाला. शेजारी टीव्ही मोठ्यानं लावतात. एका संध्याकाळी माझे मेहुणे आले. पाणी प्यायले. कपाशीचा भाव, पाऊस, नळगंगा धरणात पाणी किती, हे झालं. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, “भाऊजी, तुमच्याकडे एक काम होतं.”

भिंतीपलीकडून: ढॅण!

मी सावरून बसलो. ते म्हणाले, “तसं मोठं काही नाही.”

ढॅण! ढॅण!

“एका कागदावर सही पाहिजे. नुसतं नावाला.”

आता खालून ‘घुंऽऽ’ सुरू झालं. जामीन, हा शब्द त्यांनी उच्चारायच्या आधी मला ऐकू आला. बायको चहा घेऊन आली. तिच्या पावलागणिक ‘टिक टिक टिक’. मी कपाला हात लावायच्या आधी तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिला काही कळेना. मी ठाम नकार देणार, शब्द ओठांवर आलेले, तेवढ्यात शेजारी ब्रेक लागला. कपडे धुण्याच्या पावडरीची प्रसन्न, बागडणारी धून आली. पोरं चिखलात उड्या मारतायत, आई हसतेय. घरातलं वातावरण एकदम निवळलं. मेहुण्यांचा चेहराही पांढराशुभ्र दिसू लागला. मी सही केली. पुढचं पार्श्वसंगीत बँकेच्या वसुलीवाल्यांनी दिलं. ते मोटारसायकलच्या हॉर्नवर होतं.

खरे गुन्हे मात्र विनासंगीत होतात, ही मोठी गैरसोय आहे. शेतातल्या विहिरीवरची मोटर जाते, तांब्याची केबल जाते. चोर साधी शीळही घालत नाही. सकाळी मालक जातो तेव्हा कापलेलं टोक लोंबत असतं आणि वर भारद्वाज ओरडत असतो, जो शुभ मानतात. रात्रीची एसटी राजूर घाट उतरते. पावसाळ्यात धुकं, वळणामागून वळण, दिव्याच्या उजेडात एखादं झाड. टीव्हीवाल्यांनी तिथं चार व्हायोलिन सोडली असती तर एक प्रवासी बसला नसता. पण एसटीत आपली काच थरथरत असते आणि कंडक्टर पैसे मोजत असतो, म्हणून लोक निवांत झोपतात. आणि लग्नाच्या वरातीत गळ्यातली पोत जाते, तेव्हा संगीत असतं, भरपूर असतं, छातीच्या फासळ्या हलतील इतकं. फक्त ते सावध करायला नसतं. त्या डीजेच्या आडोशानं चोर आपलं काम उरकतो आणि दोन पावलं नाचूनही घेतो.

मग उघडउघड नाव फोडणारं हे संगीत आपल्याला इतकं आवडतं कशाला? रहस्यच संपतं की! विद्वान म्हणतात, हा प्रेक्षकाच्या बुद्धीचा अपमान आहे. मला तसं वाटत नाही. अज्ञानदासाच्या काळापासून शाहीर अफझलखानाचा वध गातायत. खान मरतो हे गावातल्या शेळ्यांनाही माहीत आहे. तरी शामियान्यात तो मिठी मारायला पुढं होतो, शाहीर थांबतो, डफावर थाप पडते आणि लोक सरसावून बसतात. आपल्याला माहीत आहे, खानाला नाही, यातच सगळी मजा.

आणि आमच्याकडे या मजेची भूक जरा जास्तच आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. रात्रभर मांडलेली धान्यं आणि घागर पहाटे बघून पाऊसपाणी कसं होणार ते सांगतात. ते ऐकायला माणसं लांबून येतात. कारण तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला एरवी सगळं शेवटी कळतं. कापसाचा भाव वाढला हे आपला कापूस विकून झाल्यावर कळतं. बस रद्द झाली हे स्टँडवर दोन तास बसल्यावर. यादीत नाव नाही हे यादीची मुदत संपल्यावर. साहेबांना आधी, त्यांच्या शिपायाला मग, चहावाल्याला त्यानंतर, आणि आम्हांला वर्तमानपत्रातून. अशा माणसाला रात्री एक तास असा मिळतो की मुंबईचे साहेब, त्यांची लॅब, त्यांच्या गाड्या सगळं असून त्यांना काही कळत नाही आणि आम्हांला मोताळ्यात बसून कळलेलं असतं. तेही फुकट, एका ढॅणवर. हा अपमान आहे म्हणणाऱ्यानं एकदा स्टँडवर दोन तास बसून यावं.

म्हणून मोबाइलवरच्या नव्या वेबमालिकांवर माझा राग आहे. त्यांत पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकच सूर खाली घुमत राहतो. इन्स्पेक्टर दात घासतोय, घुंऽऽ. त्याची बायको पोळी लाटतेय, घुंऽऽ. पोलीस ठाण्यातलं मांजर बाकाखालून गेलं, घुंऽऽ. सगळेच संशयित! शहरातले लोक याला संयत संगीत म्हणतात. आमच्या दृष्टीनं ही माहिती दडवणं आहे. प्रेक्षकाच्या हाती असलेला एकुलता एक अधिकार काढून घेतला आणि त्याला पुन्हा साहेबांच्या रांगेत मागं उभं केलं.

खरं तर ढॅणचा प्रसार उलट दिशेनं व्हायला हवा. ती टीव्हीतून काढून गावात बसवावी. बोगस बियाण्याची पिशवी काउंटरवर ठेवली जाते, तेव्हा एक वाजावी. व्यापारी “पैसे कुठं पळून चाललेत, उद्या घेऊन जा” म्हणतो, तेव्हा दोन. दुप्पट परतावा देणाऱ्या योजनेचा एजंट पेढे घेऊन येतो, तेव्हा तर सगळा वाद्यवृंदच लावावा. निम्म्या तालुक्याचं कर्ज वाचेल.

अर्थात, वाजलं तरी आम्ही ऐकूच असा भरवसा नाही. दर निवडणुकीला गल्लीत एक जीप शिरते. भोंगे लावून, नेत्याच्या नावाचं खास रचून घेतलेलं गाणं वाजवत, कानठळ्या बसतील एवढ्यानं. संशयिताचं नाव, चिन्ह आणि फोटो, तिन्ही जीपवर रंगवलेले. एवढं ठळक पार्श्वसंगीत सीआयडीच्या कुठल्याही खुन्याला मिळालेलं नाही. आणि आम्ही, चहाचा ट्रे आणणाऱ्या पोराला क्षणात ओळखणारे, मतदानाच्या दिवशी सकाळीच आंघोळ करून रांगेत उभे राहतो आणि शाई लावायला बोट पुढं करतो.